पिंपळआळीतली काळी खिडकी

माझ्या दुकानात एक पाटी आहे: 'डेटाची गॅरंटी नाही.' खांदेश्वर स्टेशनसमोर, झेरॉक्सवाला आणि पॅथॉलॉजी लॅब यांच्या मधे माझं दुकान आहे. गिऱ्हाईक आत येतं, पाटी वाचतं, मला बघतं आणि विचारतं, "मॅडम, रिपेअरवाले कुठायत?" मी म्हणते, "बोला." अकरा वर्षं झाली, अजून रोज एकदा तरी हे होतंच. ज्या जुन्या मशीनवर विंडोज धापा टाकतं तिच्यावर मी लिनक्स टाकून देते, आणि सोबत बॅकअपवरचं भाषण फुकट देते. तीन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर ठेवा. हे भाषण शेजारच्या लॅबमधल्या मुलीलाही पाठ झालंय.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. ही गोष्ट त्या पाषाणाची आहे, म्हणजे माझी. त्यामुळे मी ती फार तिखटमीठ न लावता सांगणार आहे.

कमळाकर काका माझं सात वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. मूळचे मोरखारचे. मोरखार आता नाही. विमानतळासाठी ते गाव उठलं आणि गावकरी कुंपणाबाहेरच्या नव्या प्लॉटांवर आले. काकांची तिथे स्वतःची चार मजल्यांची इमारत आहे. खालचे तीन मजले भाड्याने दिलेत, वरच्या मजल्यावर काका, सगुणाकाकू आणि मुलगा धनेश राहतात. काका तीस वर्षं तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होते. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "वस्तू जागेवर असली की यादी लागत नाही." म्हणे त्यांच्या स्टोअरमध्ये रजिस्टर फक्त ऑडिटवाल्यांसाठी असायचं. काका डोळे मिटून तिसऱ्या रॅकच्या दुसऱ्या कप्प्यातून गॅस्केट काढून द्यायचे.

मी त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं तेव्हा त्यांना एकच गोष्ट आवडली. एका पडद्यात चार पडदे. व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात त्याला. कंट्रोल आणि आल्ट दाबून बाण दाबला की एक पडदा बाजूला सरकतो आणि दुसरा येतो. काकांनी दोनतीनदा सरकवून बघितलं आणि म्हणाले, "चार आळ्या."

मोरखारलाही चार आळ्या होत्या. बंदरआळी, देऊळआळी, पिंपळआळी आणि खारआळी. गाव नुकतंच पाडलं होतं. काकांनी प्रत्येक घराची एक फाइल केली. घराच्या कर्त्याचं नाव आणि खाली चारपाच ओळी: घरात कोण कोण होतं, अंगणात कुठलं झाड होतं, कुठल्या म्हाताऱ्याने बैल विकून रेडिओ आणला. एकसष्ट फायली झाल्या. प्रत्येक फाइल एका छोट्या खिडकीत उघडायची, आणि ती खिडकी ओढून जिथे ते घर होतं तिथे ठेवायची. एका पडद्यावर एक आळी. मी विचारलं, "काका, सरळ नकाशा का नाही काढत?" ते म्हणाले, "मला चित्र काढता येत नाही. पण हे ओढता येतं."

आता खिडक्यांचं असं असतं की मशीन बंद केली की त्या बंद होतात, आणि परत उघडल्या की वाट्टेल तिथे उघडतात. म्हणून मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहून दिली. काका लॉगआऊट करताना ती प्रत्येक खिडकीला विचारायची, तू कितव्या पडद्यावर आणि कुठे आहेस, आणि ते एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. सकाळी लॉगिन केलं की ती एकसष्ट फायली उघडायची आणि ज्याला त्याला आपापल्या जागी बसवायची. पाचसात सेकंदांत गाव उभं राहायचं. मी तीनचार महिन्यांनी जायचे तेव्हा काका ते मला दर वेळी दाखवायचे, जणू मी ते कधी पाहिलंच नाही.

स्क्रिप्ट स्वतः एका काळ्या खिडकीत चालायची. ती खिडकी तिसऱ्या पडद्यावर, पिंपळआळीत, दोन घरांच्या मधे उघडी असायची. मला ते डोळ्यांत खुपायचं. मी दोनदा म्हणाले, "काका, ही काळी खिडकी दिसायची गरज नाही, लपवून टाकते." दोन्ही वेळा ते म्हणाले, "असू दे." मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची सवय असेल.

यंदा चैत्रात मोरखारच्या गावदेवीची जत्रा नव्या देवळात भरणार होती. देवळाच्या भिंतीवर काळ्या ग्रॅनाइटची लादी बसवायची आणि तिच्यावर जुन्या गावाचा नकाशा कोरायचा असं कमिटीने ठरवलं. प्रत्येक घर, प्रत्येक नाव. कमिटीत धनेश होता, आणि नकाशा कोणाकडे आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी गुरुवारी जायचं, चारही पडद्यांचे फोटो काढायचे, जोडायचे आणि संध्याकाळी सहापर्यंत वाशीच्या कोरणाऱ्याला पाठवायचे, एवढंच माझं काम होतं.

मी मंगळवारीच गेले. सिस्टिम फार जुनी झाली होती, म्हणून म्हटलं गुरुवारच्या आधी अपडेट करून ठेवावी. कोणी सांगितलं नव्हतं. काका जेवायला बसले होते. मी अपडेट लावून, "सगळं नवं करून ठेवलंय, काही बिघडलं तर लॉगआऊट करून परत आत या," असं सांगून निघून आले.

त्या अपडेटमध्ये खिडक्या सांभाळणारी जुनी व्यवस्था जाऊन नवी आली. नव्या व्यवस्थेत एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या खिडकीची खरी जागा कळत नाही, आणि ती हलवताही येत नाही. सुरक्षिततेसाठी तसं केलंय, आणि केलंय ते चांगलंच केलंय. पण माझी स्क्रिप्ट नेमकं तेच विचारायची. बुधवारी सकाळी काकांनी लॉगिन केलं तेव्हा एकसष्टच्या एकसष्ट खिडक्या पहिल्या पडद्यावर एकावर एक येऊन पडल्या. काकांनी मी सांगितलं होतं तसं लॉगआऊट केलं. लॉगआऊट करताना स्क्रिप्टने सगळ्यांना विचारलं, तू कुठे आहेस. सगळ्यांकडून एकच उत्तर आलं: पहिला पडदा, शून्य, शून्य. आणि स्क्रिप्टने इमानेइतबारे ते जुन्या फाइलवर लिहून टाकलं.

गुरुवारी साडेअकराला मी पोचले आणि ती फाइल उघडली. एकसष्ट ओळी, सगळ्या शून्य. जुनी व्यवस्था मागे शाबूत होती, लॉगिनच्या पडद्यावरून ती मी निवडलीही, स्क्रिप्टही परत नीट चालायला लागली. पण तिला बसवायला जागाच उरल्या नव्हत्या. जागांची प्रत एकच होती, आणि तीच दर लॉगआऊटला पुसून नव्याने लिहायची हे डोकं माझंच. घरांबद्दलच्या फायली जशाच्या तशा होत्या, पण कुठलं घर कुठे होतं ते एकाही फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं. वस्तू जागेवर असली की यादी लागत नाही.

"झालं काय?" धनेशने विचारलं. तो चाळिशीचा, खडी-रेतीचा धंदा करणारा, कानाला कायम फोन लावलेला.

"सेटिंग हललंय," मी म्हणाले. "काका सांगतील तशा परत लावते. तासाभराचं काम आहे."

"मंग टेन्शन काय? आप्पांना झोपेतून उठवून विचार, सगला गाव सांगतील." आणि तो फोनवर बोलत खाली गेला.

मी काकांच्या शेजारी बसले. पहिला पडदा, बंदरआळी. काकांनी सुरुवात केली. "हिराजी बुधाजी, कोपऱ्यावर. त्याच्या बाजूला धर्मा चांगो. मग कान्हा." मी खिडक्या ओढत गेले. बंदरआळीची चौदा घरं झाली आणि देऊळआळीत सहा. मग काकांनी देवळाशेजारी परत हिराजी बुधाजी ठेवायला सांगितला.

"काका, हिराजी बंदरआळीत ठेवलाय ना."

"तिथे नव्हता. तिथून काढ."

काढला. मग धर्मा चांगो विहिरीजवळ आला, मग परत बंदरावर गेला. काकांचा आवाज चढायला लागला. मला म्हणाले, तू फायली बदलल्यास. मी म्हणाले, मी एक अक्षर बदललेलं नाही. माझाही आवाज चढला होता. मला राग येत होता आणि तो त्यांचा नव्हता, माझाच होता, पण समोर ते बसले होते म्हणून त्यांच्यावर निघत होता. मग काकांनी दाराकडे बघून धनेश नाही याची खात्री केली आणि हळू म्हणाले, "सोनम, मला आठवत नाही."

मी माउस सोडला.

"डॉक्टर म्हणतो, हे आता वाढत जाणार. दीड वर्ष झालं. सगुणाला माहीत आहे. सकाळी मशीन लावली की ह्या खिडक्या बसतात, मग मी बघतो आणि मला सगळं आठवतं. माणसाच्या आधी जागा आठवते. जागा दिसली नाही तर..." मग म्हणाले, "धनेशला सांगू नको. कमिटीत बोलतील. चुकीचं गाव दगडात कोरलं तर लोक माझ्या नावाने खडे फोडतील."

अकरा वर्षांत मी कितीतरी डिस्क मेलेल्या पाहिल्यात. लग्नाचे फोटो गेले, थिसिस गेले, एकाचं पूर्ण कोर्टाचं प्रकरण गेलं. मी पाटीकडे बोट दाखवते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. त्या दिवशी मात्र मला फार वाईट वाटलं. मी त्यांना खरं सांगून टाकलं. की सेटिंग आपोआप हललं नाही, मी न विचारता अपडेट केलं, प्रत ठेवली नाही, आणि लॉगआऊट करा असं सांगून उरलंसुरलंही मीच घालवलं. काकांनी ऐकून घेतलं. "स्टोअरमध्ये तू असतीस तर मेमो दिला असता," ते म्हणाले.

सगुणाकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ ते माहीत नाही. हातात सुक्या कोळंबीच्या सोड्यांचं ताट होतं, निवडता निवडता आल्या असाव्यात. त्यांना वाचता येत नाही, आणि त्या कॉम्प्युटरला सात वर्षांत त्यांनी फडकं मारण्यापलीकडे हात लावलेला नव्हता.

"कोनाची घरां शोधताव?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचीच, काकू."

"मंग मना इचारा ना. आवतान कोन फिरवायचा?"

आवतण म्हणजे हळदीचं बोलावणं. मोरखारला लग्नघरातून बाया निघायच्या आणि घरोघरी जाऊन हळदीला बोलवायच्या. पुढे एक जाणती बाई असायची. घरं ओळीने घ्यायची, मधलं सोडायचं नाही, मागे वळायचं नाही. एक घर चुकून सुटलं तर त्या घरचे लोक पुढची सात वर्षं तुमच्या मयतालाही येणार नाहीत. चाळीस वर्षं गावातल्या बहुतेक लग्नांना पुढे असायच्या त्या सगुणाकाकू, कारण त्यांचं एकही घर कधी सुटलं नाही.

"या, बसा इथे," मी खुर्ची ओढली.

"बसून नाय सांगता येत गो," त्या म्हणाल्या. ताट टीपॉयवर ठेवलं, पदर खोचला आणि हॉलच्या मधे उभ्या राहिल्या. "ही मी दारातना निंगाली. पिंपलआलीनं. उजव्या हाताला राघो हिरू."

मी तिसऱ्या पडद्यावर गेले आणि राघो हिरूची खिडकी ठेवली. काकू दोन पावलं चालल्या. "मंग पदू. मंग पदूच्या भावाचा, त्याचा दार मागं हाय, पन आवतान पुरंच द्याचा." आणखी दोन पावलं. सोफ्याला वळसा. "हितं पिंपल. पिंपलाला हात लावाचा, मंग समोरची बाजू." त्यांनी खरंच हवेत हात लावला. मी नावं शोधत होते, खिडक्या ओढत होते, आणि काकू टीव्हीच्या कपाटापासून बाल्कनीपर्यंत पिंपळआळी चालत होत्या. मधे धनेशचा फोन आला तेव्हा त्यांनी उचलला, ठेवला, आणि म्हणाल्या, "चुकली. परत दारातना याला लागंल." परत हॉलच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं. क्रम तोच आला. मी मनातल्या मनात मान डोलावली. माझ्या स्क्रिप्टपेक्षा हे पक्कं होतं.

पिंपळआळी, मग विहिरीवरून देऊळआळी, उतारावरून बंदरआळी. काकांनी सांगितलेला हिराजी बुधाजी बंदरावरच्या कोपऱ्यावरच निघाला. काका खुर्चीत बसून ऐकत होते. अधूनमधून म्हणायचे, "हां, बरोबर." मग त्यांचा डोळा लागला. शेवटी खारआळी आली. काकू बाल्कनीच्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"झाला."

"एक खिडकी राहिली, काकू." मी शीर्षक वाचलं. "बौद्धवाडी."

ही फाइल मी सात वर्षांपूर्वीच पाहिली होती. आत एक ओळ होती: 'घरे चार.' बाकी साठ घरांना साठ खिडक्या, आणि इथे चार घरांना मिळून एक. तेव्हा मी काही बोलले नव्हते. माझे वडील भगवान परभणीकडून आले, गिरण्यांच्या मागे फिरत पनवेलला टेकले. त्यांच्या गावी आमचं घर गावाच्या कुठल्या अंगाला होतं ते मला न सांगता कळतं. गिऱ्हाइकाच्या फायलींवर बोलायचं नाही हा माझा नियम आहे.

"ती बांदापलीकडं," काकू म्हणाल्या. "तितं आमी जायचो नाय. बांदावरना हाली मारायची, हलदीला याला सांगायचा." मग माझ्याकडे बघितलं. त्यांना माझं आडनाव माहीत होतं. "तवाची रीत ती, पोरी."

"नावं सांगा," मी म्हणाले. "चारही."

काकूंनी विचार केला. "भागुजी. त्याचा भाव सखाराम. चांगुणाबाई, ती एकटीच ऱ्हायची." चौथं काही केल्या आठवेना. कारण तिथे त्या कधी चालत गेल्याच नव्हत्या.

"अंकुश," काका म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "तळोज्याला माझ्याकडे होता. लोडिंगला. अंकुश जिवा. त्याला वरच्या कप्प्यातलं न सांगता कळायचं."

मी एका फाइलच्या चार फायली केल्या आणि बांधापलीकडे एकेक खिडकी ठेवली. चौसष्ट झाली. कोणाला विचारलं नाही, आणि यावेळी न विचारता केल्याचं मला काही वाटलं नाही. धनेश तेवढ्यात वर आला होता. त्याने मागून बघितलं आणि म्हणाला, "लादीवर जागा नाय पुरनार."

"पुरेल," मी म्हणाले. "अक्षरं थोडी बारीक करायला सांग. सगळ्यांचीच."

पावणेपाच वाजले होते. मी बंदरआळीपासून एकेका पडद्याचा फोटो काढत गेले. तिसऱ्यावर आले आणि थांबले. पिंपळआळीच्या तोंडाशी, राघो हिरू आणि जोमा पदू यांच्या मधे एका घराएवढी मोकळी जागा होती. काकूंनी एक बाजू राघो हिरूपासून सुरू केली होती आणि दुसरी बाजू जोमा पदूवर संपवली होती. खिडक्या तर सगळ्या संपल्या होत्या. म्हटलं, तिथे ओटा असेल, नाहीतर गोठा.

काका जागे होऊन पडद्यात बघत होते. चष्मा पुसला, पुढे वाकले. मग त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून त्यांनी काकूंना विचारलं, "इथं कोन ऱ्हायचा गो?"

धनेश हसला. त्याला वाटलं, आप्पा मस्करी करतायत. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण काका काकूंकडे बघत होते, एखाद्याला पत्ता विचारावा तसे, आणि उत्तराची वाट बघत होते. धनेशने फोन खिशात ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. आता त्याला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. काकू प्रत्येक वेळी 'दारातना' निघाल्या होत्या. आपल्याच घराला कोणी हळदीचं आवतण देत नाही, म्हणून ते घर त्यांच्या मोजणीत कधी आलंच नाही. आणि काकांनी एकसष्ट फायली केल्या, त्यात स्वतःच्या घराची केली नव्हती. त्या जागी त्यांनी ती काळी खिडकी ठेवली होती, जिच्यातून रोज सकाळी बाकीचं गाव निघायचं. मी तिला दोनदा लपवायला निघाले होते.

काकू खुर्चीजवळ आल्या. रडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हितं एक स्टोअरकीपर ऱ्हायचा. लय खडूस. घरातला तांब्या जागचा हलवला तरी वरडायचा."

"आणि बायको?" काकांनी विचारलं.

"ती हलवायची."

काका विचारात पडले. काळी खिडकी अजून पहिल्या पडद्यावर एका कडेला पडली होती. मी ती उचलली, तिसऱ्या पडद्यावर नेली आणि राघो हिरू आणि जोमा पदूच्या मधे ठेवली. काकांनी पडद्याकडे बघितलं, डावीकडून उजवीकडे, मग परत. आणि मग त्यांनी वाचायला सुरुवात केली, खिडकीतलं नाही, मनातलं. राघो हिरू, पदू, पदूचा भाऊ, पिंपळ. पलीकडची बाजू. जोमा पदूपर्यंत न चुकता आले, काळ्या खिडकीवर बोट ठेवलं आणि धनेशकडे बघून म्हणाले, "हे आपलं. पुढे शेवग्याचं झाड होतं, तुझ्या आईने लावलेलं."

"हां," काकू म्हणाल्या.

धनेश बाल्कनीत गेला. डोक्यावरून एक विमान गेलं आणि खिडकीची काच थरथरली. ते गेल्यावरही तो तिथेच पाठ करून उभा होता. नंतर आत आला तेव्हा काकांच्या शेजारी खाली बसला आणि म्हणाला, "आप्पा, मना पन सांगा ना. मी कायम धंद्यावर फिरत होतू, मना समदी घरां नाय आठवत." काकांनी त्याला बंदरआळीपासून सुरुवात करून दिली.

मी पासष्टावी फाइल केली. नाव काय टाकू विचारलं तर काकू म्हणाल्या त्यांचं टाक, आणि काका म्हणाले तिचं टाक. मी दोन्ही टाकली. सहाला पाच मिनिटं असताना नकाशा वाशीला गेला. स्क्रिप्ट मी तिथेच बसून बदलली. आता ती दर वेळी तारीख घालून नवी प्रत ठेवते, आधीची पुसत नाही. एक प्रत माझ्या दुकानात आणि एक धनेशच्या फोनमध्ये. शिवाय सगळ्या जागांचा एक कागद छापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. काकांनी त्या कागदाकडे ऑडिटवाल्याकडे बघावं तसं बघितलं.

निघताना काकू जिन्यापर्यंत सोडायला आल्या. डब्यात सोड्यांची चटणी दिली. दार अर्धं ओढून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "सोनम, ती काली खिरकी. रोज सकाली तितंच उघरंल ना? आपसूक?"

"उघडेल, काकू."

"गॅरंटी हाय?"

मी अकरा वर्षांत कोणालाही डेटाची गॅरंटी दिलेली नाही. "आहे," मी म्हणाले. तेव्हापासून मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जाते, मशीन बंद करून परत लावते, आणि पिंपळआळी येईपर्यंत काकांच्या शेजारी बसून राहते.